वेगळ्या घडणीची मुले आणि आपले कर्तव्य

(वर्षावासाच्या काळात एका बुद्धविहारात भरलेल्या पालकसभेत एका समुपदेशिकेने केलेले भाषण)



आज ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, तो विषय आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. आपण शिक्षणावर बोलतो, राखीव जागांवर बोलतो, अन्याय-अत्याचारांवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी काहींच्या घरात एखादे मूल असे असते, की त्याच्याविषयी आईबाप शेजाऱ्यापाशी चकार शब्द काढीत नाहीत. ते वेळेवर बोलू लागलेले नसते. किंवा ते बोलते, पण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही; कुकरची शिट्टी झाली की कान झाकून कोपऱ्यात जाते. एखादे मूल तोंडी सर्व उत्तरे देते आणि पुस्तक उघडले की त्याला अक्षर लागत नाही. एखादे एका जागी पाच मिनिटे स्थिर बसत नाही. अशा मुलाला गल्लीत कोणी खुळे म्हणतो, शाळेत कोणी मठ्ठ म्हणतो.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली एक भगिनी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. तिने हळूच विचारले, "ताई, आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव काढले. पण ह्याचे असे झाले, ते माझ्या मागच्या जन्मीच्या पापाने तर नसेल?" तिच्या या एका प्रश्नासाठी मी आज येथे उभी आहे. देव्हारा घरातून एका दिवसात निघतो. मनात बसलेले पूर्वकर्म निघायला वेळ लागतो.

त्या भगिनीला मी जे उत्तर दिले, तेच आपणा सर्वांस देते. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला आणि तो बुद्धाचा नव्हे, असे दाखवून दिले. असला सिद्धांत मानला की दरिद्री आणि दलित माणसाच्या स्थितीची जबाबदारी त्याच्याच माथी बसते आणि समाज मोकळा सुटतो, हे त्यांचे म्हणणे होते. बंधुभगिनींनो, जी गोष्ट दारिद्र्याला लागू, तीच आपल्या लेकराला लागू नाही काय? मूल बोलत नाही, हे आईच्या पापाचे फळ म्हणायचे, म्हणजे शाळेला, दवाखान्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना काहीच करायला नको.

आईला दोष देण्याची खोड केवळ आपल्याच देशात होती असे नाही. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात त्या ऑटिझमची वैद्यकीय जगात चर्चा सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे तेथील मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, की आईची माया थंड असल्यामुळे मूल असे होते. ब्रुनो बेटलहाइम यांच्या 1967 सालच्या ग्रंथाने तर हा समज दूरवर पसरवला. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा एका मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1964 सालीच या मताला आधार नसल्याचे मांडले होते. तरीही हजारो माता अपराधी भावनेने पोळत राहिल्या. आज विज्ञान निःसंदिग्धपणे सांगते, की हा मेंदूच्या वाढीतील भेद आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मायेचा, पापाचा, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. इकडे कर्माच्या नावाने आणि तिकडे शास्त्राच्या नावाने आरोपी मात्र एकच ठरली, आणि ती म्हणजे आई.

अशा व्यक्तींसाठी आज 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द वापरला जातो. ज्यांच्या मेंदूची घडण आणि रीत बहुसंख्यांहून वेगळी आहे, ते न्यूरोडायव्हर्जंट. स्वमग्न माणसे, ज्यांचे अवधान आणि चंचलता आवरत नाही ती एडीएचडी असलेली माणसे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेली मुले, ही सर्व त्यात येतात. या विचाराचे वैशिष्ट्य असे, की तो केवळ डॉक्टरांच्या खोलीत जन्मला नाही. 1990 नंतरच्या दशकात या माणसांनी स्वतः एकत्र येऊन तो घडविला. 1993 साली कॅनडातील टोरोंटो येथे एका परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने जमलेल्या आईबापांना बजावले, की तुमचा शोक हा तुम्ही मनात योजलेल्या मुलासाठी आहे. जे मूल प्रत्यक्ष तुमच्यापुढे आहे, त्याला तुमच्या शोकाची नव्हे तर तुमची गरज आहे. मी त्यांच्या म्हणण्याचा आशय सांगते आहे.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. वेगळेपण मान्य करणे म्हणजे अडचण नाकारणे नव्हे. काही मुलांना जन्मभर दुसऱ्याचा हात लागतो. काहींना झोप येत नाही, काहींना झटके येतात, काही स्वतःला इजा करून घेतात. तेथे औषध लागते, उपचार लागतात, आणि ते घ्यावेत. प्रश्न एवढाच आहे, की ही मदत कोणत्या वृत्तीने द्यायची.

या वृत्तीचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपन्थक नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याच्या वडील भावाने, महापन्थकाने, त्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले, तरी ती एक गाथा त्याला येईना. तेव्हा भावाने त्याला सांगितले, की तू संघाच्या योग्यतेचा नाहीस, चालता हो. जीवकाने भिक्खूंना भोजनाचे आमंत्रण दिले, त्यातूनही त्याचे नाव भावाने वगळले. पहाटे तो बिचारा संघ सोडून निघाला, तो वाटेत तथागत उभे. त्यांनी प्रथम काय केले? त्यांनी विचारले, की या वेळी कोठे निघालास? त्याचे ऐकून घेतले. मग त्याला हाताशी धरून परत नेले आणि एक स्वच्छ वस्त्र देऊन सांगितले, की पूर्वेकडे तोंड करून बस आणि हे चोळीत राहा. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि जे त्याला शब्दांतून उमगले नव्हते ते अनित्यत्व हातांतून उमगले. तो अर्हत झाला.

अट्ठकथेत त्याच्या मंदत्वाला पूर्वजन्मीचे कारण जोडले आहे. ते बाबासाहेबांच्या कसोटीवर टिकत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू. राहते ते असे: महापन्थकाजवळ विद्या होती, परंतु शिकविण्याची एकच रीत होती. ती रीत ज्याला लागू पडली नाही, तो माणूसच त्याने टाकून दिला. तथागतांनी माणूस ठेवला आणि रीत बदलली.

माझ्या कामाचे सूत्र हेच आहे. मूल माझ्याकडे येते तेव्हा मी त्याच्या समोर नव्हे, शेजारी बसते. कारण डोळ्यांत डोळे घालून बोलणे कित्येकांना असह्य असते. पंख्याचा आवाज, दिव्याचा प्रकाश सोसतो का, ते विचारते. जे मूल बोलत नाही, त्याच्यापुढे चित्रे ठेवते. चित्रावर बोट ठेवणे हेही बोलणेच होय. मी वहीत काय लिहिते आणि ते कोण वाचणार, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगते. मग तीन प्रश्न विचारते. आईला काय हवे? आई म्हणते, याने शांत बसावे. शिक्षकांना काय हवे? ते म्हणतात, याने फळ्यावरचे उतरवून घ्यावे. आणि मुला, तुला काय हवे? एका मुलाने मला चित्र काढून दाखविले: शाळेची घंटा, आणि तिच्याखाली स्वतःचे डोके. त्याचा बाक घंटेच्या खांबाला लागून होता. आम्ही तिघांनी मिळून ठरविले, की प्रथम बाक हलवावा. बाक हलला आणि निम्मा दंगा थांबला. त्याला 'शिस्त' लावण्यात वर्षभर गेले होते. त्याला विचारण्यास एक तास पुरला.

उपाय ठरवायचा तो मिळून ठरवायचा, तीन-चार आठवडे करून पाहायचा, आणि मुलाने नको म्हटले तर ते 'नको' ऐकायचे. ज्याच्या जीवनाविषयी निर्णय व्हायचा, त्याचा शब्द त्यात असलाच पाहिजे. आपल्याला हे तत्त्व नवे नाही. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, ती अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांतूनच यावेत याचसाठी. दुसऱ्याने आपल्या वतीने बोलायचे आणि आपण ऐकत राहायचे, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्यांनी तरी आपल्या मुलांच्या वतीने परस्पर निकाल देऊ नयेत.

नावाचेही तसेच आहे. 1938 साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात आपल्या लोकांना 'हरिजन' हे नाव द्यायचे ठरले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेब यांनी त्यास विरोध केला आणि विरोध मानला गेला नाही तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. आपले नाव आपण ठरवू, हा तो आग्रह होता. 1956 साली नागपुरात आपण तो पूर्णत्वास नेला. अलीकडे 2015 नंतर सरकारने अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला, तेव्हा अनेक अपंग कार्यकर्त्यांनी म्हटले, की आम्हाला दिव्यत्व नको, हक्क हवेत. कोणाला 'स्वमग्न' हा शब्द चालतो. कोणी म्हणतो, मी स्वतःत मग्न नाही, मला तुमचे जग फार जोराने ऐकू येते, म्हणून मला 'ऑटिस्टिक' म्हणा. मी प्रत्येकाला विचारते आणि तो सांगेल ते नाव वापरते.

आता मी जे सांगणार आहे, ते माझ्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. एका कार्यालयात काम करणारा, आपल्याच समाजातील एक स्वमग्न तरुण माझ्याकडे येत असे. तो म्हणाला, की दुपारी सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसता येत नाही, छाती धडधडते. मी माझ्या पुस्तकी ज्ञानाने ठरवून टाकले, की जेवणघरातील गोंगाट आणि निरनिराळे वास त्याला सोसत नसावेत. त्याला कान झाकण्याचे साधन सुचविले, उशिरा जेवण्यास सांगितले. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "ताई, आवाजाचे मला काही नाही. डबा उघडला की ते आडनाव विचारतात."

मी स्वतः त्याच समाजातील आणि तरी माझ्या लक्षात आले नाही! बंधुभगिनींनो, त्या तरुणाच्या चेहऱ्यावर दोन मुखवटे होते. हात हलविण्याची, येरझाऱ्या घालण्याची आपली सवय लोकांनी पाहू नये म्हणून एक; आणि आपली जात कळू नये म्हणून दुसरा. दोन्ही सांभाळताना संध्याकाळी तो इतका थकत असे, की घरी कोणाशी बोलत नसे. समुपदेशकाने त्याचा एकच मुखवटा पाहिला, तर अर्धा माणूस बाहेरच राहतो. अपमानाची भीती ही त्याच्या मेंदूची लक्षण-रेषा नव्हे. ती या समाजाची करणी आहे. तिला रोग म्हणून वहीत मांडले, तर समुपदेशकही अन्यायाचा साथीदार होतो. पुढे आम्ही दोघांनी बसून ठरविले, की कोणापाशी काय उघड करायचे, कोणापाशी नाही, आणि अपमान झालाच तर तक्रार कशी लिहायची. ठरविण्याचा अधिकार त्याचा, मी सोबतीला.

याची उलट बाजूही असते. एका घरात सर्वांनी ठरविले होते, की मुलगी शाळेत जात नाही ती जातीवरून चिडविल्यामुळे. तिला विचारले, तेव्हा कळले की मैत्रिणी चांगल्या आहेत, पण अक्षरे पानावर स्थिर राहत नाहीत. तिला डिस्लेक्सिया होता. म्हणून अनुमान नको, विचारा.

आणि ज्यांना कोणी विचारीतच नाही, त्यांचे काय होते? आपले मूल वाचनात मागे पडले, की काही शिक्षक सहज म्हणून जातात, 'यांच्यात असेच असते.' या एका वाक्यात मुलाची तपासणी बुडते, उपचार बुडतो, वर्ष बुडते. दुसऱ्या बाजूला, घरात वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत घेऊन त्याला मतिमंद ठरविण्याचाही धोका असतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कृष्णवर्णीय मुलांना बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे, त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक संख्येने, मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकले जात असे. सॅन फ्रान्सिस्कोतील पालकांनी 1971 साली न्यायालयात दाद मागितली आणि 1979 साली न्यायाधीश पेकहॅम यांनी त्या कामी अशा चाचण्यांचा वापर करण्यास मनाई केली. ती लढाई पालकांनी जिंकली, हे ध्यानात ठेवा. तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे विचारण्याचा तुम्हालाही अधिकार आहे.

आता कायद्याविषयी थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. ज्याचे अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक प्रमाणित झाले, अशा 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के आणि सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा आहेत. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात 1996 पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. 1990 सालच्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले, हे आपण जाणताच. अपंगांचे आरक्षण समांतर असते. म्हणून एक प्रमाणपत्र दुसऱ्याला मारीत नाही. जातीचे प्रमाणपत्र काढता, तसे अपंगत्वाचेही काढा. ते मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सेवा देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. जो समुपदेशक तुमची जात ऐकून सूर बदलतो, किंवा 'जातीचा विचार सोडा' म्हणून तुमचे दुःख झटकतो, त्याला प्रश्न विचारण्यास कचरू नका. आणि जो भगत भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलाला मारतो, साखळीने बांधतो, तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचे पाऊल त्याच्या दारात पडता कामा नये.

शेवटी आपल्या विहाराकडे वळते. वंदनेच्या वेळी एखादे मूल डोलत असेल, मागे फेऱ्या घालीत असेल, तर त्याला दटावून बाहेर काढू नका. त्याला त्रिशरण-पंचशील मुखोद्गत नसेल, तर फुले मांडू द्या, मेणबत्त्या लावू द्या. जयंतीच्या मिरवणुकीतील कर्ण्यांचा आवाज त्याला सोसत नसेल, तर आदल्या दिवशी निळ्या पताका बांधण्याचे काम त्याला द्या. बाबासाहेबांचा जयजयकार करण्याची तीही एक रीत आहे. आणि त्याच्या आईला 'हिचे काही तरी चुकले असेल' असे पुन्हा कोणी म्हणू नये.

ज्या भगिनीने मला पूर्वकर्माविषयी विचारले होते, ती आज या सभेत मागे बसली आहे, आणि तिचा मुलगा तिच्या शेजारी चटईच्या दोऱ्या मोजतो आहे. आपण सर्वांनी येथे येताना त्यांना पाहिले. जाताना त्यांच्याशी बोलून जा. मुलाशी बोलाल तेव्हा त्याच्या शेजारी बसा आणि उत्तराची घाई करू नका. तो उत्तर देतो. त्याला थोडा वेळ लागतो इतकेच.

जय भीम! नमो बुद्धाय!